संस्थांचा निःसंग शिल्पकार : संत गाडगेबाबा

वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले आहे. बाबांना स्वतःला मात्र शालेय शिक्षण लाभले नव्हते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आजोळी गुरे राखीत वाढले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून कर्ज, व्यसन व अस्पृश्यता यांवर प्रहार करावा, हा त्यांचा नित्यक्रम झाला.

लोकांनी दिलेल्या देणग्यांतून ऋणमोचनचा घाट, मूर्तिजापूरचे गोरक्षण, पंढरपूर व नाशिकच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांनी मात्र भाकरी मागूनच खाल्ली. संस्था त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या व आपल्या नातलगांना त्यांवर हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आज मुंबईत उपचारासाठी जाणाऱ्या गरीब कर्करुग्णांना दादर येथे मिशनच्या धर्मशाळेत आसरा मिळतो. संस्थापकाने वेळीच हात सोडला, म्हणूनच हे कार्य त्याच्यामागेही चालू राहिले. सेवासंस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गिरवावा.