विल्यम हॉवर्ड स्टाइन
विल्यम हॉवर्ड स्टाइन (२५ जून १९११ – २ फेब्रुवारी १९८०) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. आरएनए तोडणाऱ्या रायबोन्यूक्लिएज या विकराच्या क्रियाशील केंद्रावरील संशोधनासाठी त्यांना व स्टॅनफर्ड मूर यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्रिश्चन आन्फिन्सेन हे त्याचे तिसरे मानकरी होते.

शिक्षण
स्टाइन यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात इलास्टिन या प्रथिनावर प्रबंध लिहिला. १९३८ मध्ये ते रॉकफेलर संस्थेत माक्स बर्गमान यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी मूर तेथे आले आणि दोघांचे आयुष्यभराचे सहकार्य सुरू झाले.

संशोधन
प्रथिनातील ॲमिनो आम्ले अचूक मोजण्याची सोय त्या काळी नव्हती. स्टाइन व मूर यांनी प्रथम बटाट्याच्या स्टार्चने आणि नंतर आयन-विनिमय रेझिनने भरलेल्या स्तंभांतून ती वेगळी केली. १९५८ मध्ये डॅरेल स्पॅकमन यांच्यासह त्यांनी हे काम आपोआप करणारे यंत्र सिद्ध केले.

याच पद्धतींच्या आधारे गुरांच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएजच्या १२४ ॲमिनो आम्लांचा क्रम ठरवण्यात आला. संपूर्ण क्रम ज्ञात झालेले हे पहिले विकर होय. आयोडोॲसिटेटची प्रक्रिया १२ व्या किंवा ११९ व्या स्थानावरील हिस्टिडीनवर झाली की विकर निष्क्रिय होते. मात्र एकावर ती झाल्यास दुसऱ्यावर होत नाही, असे त्यांच्या गटाला आढळले. साखळीत दूर असलेली ही दोन आम्ले घडी पडलेल्या रेणूत शेजारी येतात, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष १९६७ मध्ये क्ष-किरण अभ्यासाने खरा ठरला.

आजार व अखेर
१९६९ मध्ये कोपनहेगन येथील परिसंवादाच्या वेळी स्टाइन यांना गुइलेन-बॅरे सिंड्रोम झाला आणि त्यांचे हातपाय कायमचे लुळे पडले. प्रयोग करणे अशक्य झाले, तरी चर्चा आणि मार्गदर्शन यांद्वारे ते अखेरपर्यंत प्रयोगशाळेशी जोडलेले राहिले. नोबेल पारितोषिक त्यांना याच अवस्थेत मिळाले. १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

वारसा
या विकराच्या कुलातील अनेक प्रथिने नंतर उजेडात आली. माणसातील अँजिओजेनिन हे त्यांपैकी एक असून ते रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देते. कार्ये भिन्न असूनही दोन हिस्टिडीन व एक लायसीन हे त्रिकूट या कुलात टिकून आहे. त्यातील हिस्टिडीनची जोडी स्टाइन व मूर यांच्या प्रयोगशाळेत ओळखली गेली होती.