डोंगरावरचे चित्रघर



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. मी काही लेखिका नव्हे. पण एका माणसाचे ऋण मनात फार दिवस आहे, तेवढे इथे फेडते. ते म्हणजे औंधचे राजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

माझे माहेर खटाव तालुक्यातले. यमाईला जाणे हा आमच्या घरचा वर्षाचा नेम. मी नऊ वर्षांची असेन. मूळपीठावर देवीची ओटी भरून उतरताना आई आम्हां भावंडांना त्याच डोंगरावरील संग्रहालयात घेऊन गेली. आईला अक्षरओळख नव्हती. चित्रांखालच्या पाट्या तिला वाचता येत नव्हत्या. पण पुराणातले प्रसंग ती पाहताक्षणी ओळखी आणि त्यांची गोष्ट आम्हांला सांगे. शाळेत जाणारी आम्ही मुले त्या दिवशी तिच्या मागे मागे फिरत होतो. ही चित्रे इथे कोणी आणली, असे मी विचारले. आपल्या राजाने, एवढेच ती म्हणाली.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्यास ते बी. ए. झाले आणि १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, गावे इकडे तिकडे विखुरलेली, मुलूख कमी पावसाचा. राजाला चित्रकलेचा नाद. आणि नाद म्हणजे केवळ चित्रे विकत घेण्याचा नव्हे. ते स्वतः हाती कुंचला धरीत. रामकथेवरील त्यांच्या चित्रांचे पुस्तक १९१६ साली निघाले. ते कीर्तनही करीत, आणि कीर्तनात कथेला चित्रांची जोड देत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, आणि त्या ग्रंथासाठी चित्रेही स्वतः काढली. अजिंठ्याची भित्तिचित्रे काळाच्या ओघात पुसट होत चालली होती. कलावंतांना बरोबर नेऊन त्यांनी तेथील चित्रांच्या नकला करवून घेतल्या व अजिंठ्यावर ग्रंथ लिहिला. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

असा जन्मभराचा संग्रह वाड्यातच राहिला असता, तर तो पाहुण्यारावळ्यांनी पाहिला असता. बाळासाहेबांनी डोंगरावर खास इमारत उभारली आणि १९३८ साली श्री भवानी संग्रहालय सुरू झाले. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे, जुनी पहाडी आणि राजपूत लघुचित्रे, हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीवकाम, संगमरवरी पुतळे. फार काय, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडविलेली दगडातली आई आणि मूलही तेथे आहे. लंडनच्या लोकांनी नावाजलेल्या शिल्पकाराची कृती आमच्या खेड्यातल्या बायका ओटी भरून येता येता पाहतात!

आमचे वडील मात्र कुरकुरत. विहिरी खणायच्या सोडून चित्रांवर पैसा कशाला, असे त्यांचे म्हणणे. दुष्काळात डोक्यावरून पाणी वाहिलेल्या घरातला तो प्रश्न आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. बाळासाहेब नुसत्या चित्रांत रमले असते, तर वडिलांचेच खरे ठरले असते. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, ती १९१० साली ह्याच राजाने दिली आणि माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळांतून सूर्यनमस्कार त्यांनी सुरू केले, व स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीवाचून वसाहत झाली. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट त्याच प्रयोगावरून सुचलेला. आणि १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, राजाने आपली सत्ताच प्रजेच्या हाती सोपविली. हातातली सत्ता आपण होऊन कोण सोडतो? घरातली किल्ली सुनेच्या हाती देताना आपली काय अवस्था होते, ते आपण जाणतोच.

मला वाटते, ही दोन्ही कामे एकाच स्वभावातून झाली. आपल्यापाशी जे आहे ते आपल्यापुरते ठेवायचे नाही, हा तो स्वभाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. गादी गेली, पण डोंगरावरचे चित्रघर लोकांसाठी राहिले. विहिरीही हव्यातच, पण माझ्या निरक्षर आईला ज्या जागी आम्हां मुलांची गुरू होता आले, ती जागाही गावाला हवी होती.

आपल्यापैकी कितीजणींच्या ट्रंकांत भरतकामाचे रुमाल, रांगोळीच्या वह्या, शाळेत असताना काढलेली चित्रे घडी घालून पडली आहेत! माझीही आहेत. संसाराच्या धबडग्यात ती कोणाला दाखविली नाहीत. मंडळाच्या सभागृहाची एक भिंत त्यांच्यासाठी राखावी, अशी माझी सूचना आहे. पहिले चित्र मी आणून देईन. दुसरे कोण आणणार, ते पुढच्या सभेत सांगावे.