विष्णू दिगंबर पलुस्कर

पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर (१८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड – २१ ऑगस्ट १९३१, मिरज) हे हिंदुस्थानी संगीतातील ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक व संगीतप्रसारक होते. लाहोर येथे १९०१ साली त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संस्थानिकांच्या आश्रयावर अवलंबून न राहता लोकांच्या देणग्या, मैफलींचे उत्पन्न व विद्यार्थ्यांचे शुल्क यांवर चालविलेले हे संगीत विद्यालय पुढील काळातील अनेक संगीतसंस्थांना आदर्शभूत ठरले.

जन्म व बालपण

पलुस्करांचा जन्म कुरुंदवाड संस्थानात (सध्याचा कोल्हापूर जिल्हा) झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार असल्यामुळे अभंग, पदे व आख्याने यांचा संस्कार विष्णूवर लहान वयातच झाला. कुरुंदवाडजवळच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी आहे. तेथे दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडत असताना झालेल्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अतिशय क्षीण झाल्याने शालेय शिक्षण पुढे चालू ठेवणे अशक्य झाले. उपचारांसाठी त्यांना मिरजेस नेण्यात आले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. परंतु कंठ उत्तम असल्याने त्यांनी गायन शिकावे, असे ठरले.

मिरजेतील शिक्षण

मिरज येथे संस्थानच्या आश्रयाखाली पलुस्करांनी पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते. गुरूच्या घरी पडेल ते काम करावे, मर्जी होईल तेव्हा विद्या मिळावी आणि मिळालेली चीज कंठस्थ करून रोज घोटावी, अशी त्या काळची रीत होती. या शिस्तीत पलुस्करांनी सुमारे नऊ वर्षे काढली.

मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण संस्थानाधिपतींचे आश्रित म्हणून पलुस्करांना मिळाले, परंतु त्यांच्या गुरूंना मात्र वगळण्यात आले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. गवई कितीही थोर असला तरी समाजात त्याला प्रतिष्ठा नाही, ही जाणीव त्यांच्या मनात खोल रुजली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

भ्रमंती

मिरज सोडल्यानंतर पलुस्करांनी सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास केला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून गायनाचा जाहीर कार्यक्रम केला. दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात निमंत्रितांपुरते होणारे गायन त्यामुळे सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. मथुरेतील वास्तव्यात त्यांनी व्रजभाषेचा परिचय करून घेतला व ध्रुपद गायकीचा अभ्यास केला. ख्यालाच्या बंदिशींची भाषा बहुतांशी व्रज असल्याने हा अभ्यास त्यांना पुढे अध्यापनातही उपयोगी पडला.

गांधर्व महाविद्यालयाची स्थापना

संगीत शिकविणाऱ्या संस्था याआधीही होत्या. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला होता आणि बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. मात्र एका गवयाने परप्रांतात जाऊन, कोणत्याही संस्थानाचा आधार न घेता विद्यालय काढणे ही नवी गोष्ट होती. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले.

आरंभी विद्यार्थी मिळणे कठीण गेले. गाणेबजावणे हा कुलीन घरांतील मुलामुलींचा विषय नव्हे, अशी मध्यमवर्गाची धारणा होती. पलुस्करांनी संस्थेचे वातावरण शिस्तीचे ठेवले. प्रार्थना, ठरलेल्या वेळी तास, नेमलेला अभ्यासक्रम व परीक्षा ही शाळेची पद्धत त्यांनी संगीताला लावली. बंदिशींतील शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द योजले. हळूहळू पालकांचा विश्वास बसला आणि मुलींनाही संगीत शिकविले जाऊ लागले.

अध्यापनपद्धती

संस्थेत दोन प्रकारचे विद्यार्थी असत. शुल्क भरून काही तास शिकणारे हौशी विद्यार्थी हा पहिला प्रकार. दुसरा उपदेशक वर्गाचा. या वर्गातील मुलांच्या निवासाची व भोजनाची सोय संस्था करी आणि त्यांच्याकडून नऊ वर्षे शिकण्याचा करार लिहून घेतला जाई. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी गावोगावी जाऊन संगीत शिकवावे, असा हेतू होता. एका गुरूभोवती चार शिष्य जमण्याऐवजी शिक्षकांची पिढीच तयार करण्याची ही योजना होती. गुरुगृही राहण्याची जुनी परंपरा व शाळेची नवी व्यवस्था यांचा मेळ तिच्यात दिसतो.

वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवायचे तर पाठ्यपुस्तके हवीत, म्हणून पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. *संगीत बालप्रकाश* व *राग प्रवेश* ही क्रमिक पुस्तके आणि *संगीतामृतप्रवाह* हे नियतकालिक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांच्या स्वरलेखनात लय व मात्रांचे सूक्ष्म विभाग दाखविण्यासाठी अनेक चिन्हे आहेत. समकालीन विष्णू नारायण भातखंडे यांची पद्धती तुलनेने सुटसुटीत असल्याने तिचा प्रसार अधिक झाला. दोघांची उद्दिष्टे जवळची असली तरी मार्ग वेगळे होते. भातखंड्यांचा भर शास्त्र व बंदिशींच्या संग्रहावर, तर पलुस्करांचा भर प्रत्यक्ष अध्यापन व प्रसारावर होता.

मुंबईतील काळ व कर्ज

१९०८ साली पलुस्करांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तेव्हा सँडहर्स्ट रोडवर संस्थेसाठी स्वतंत्र इमारत बांधण्यात आली. त्यासाठी मोठे कर्ज काढावे लागले. हप्ते फेडण्यासाठी पलुस्कर सतत दौरे करून मैफली करीत. परंतु ते बाहेर असताना संस्थेकडे लक्ष कमी पडे. अखेर कर्ज फिटले नाही आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत इमारतीचा लिलाव झाला. राजाश्रयाविना संस्था उभी राहू शकते, हे त्यांनी सिद्ध केले होते. मात्र त्या स्वातंत्र्याची किंमत त्यांना अशा रीतीने मोजावी लागली.

राष्ट्रीय चळवळीतील सहभाग

काँग्रेसच्या अधिवेशनांत पलुस्कर ‘वंदे मातरम्’ गात असत. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गायनास आक्षेप घेतला, तरी पलुस्करांनी गीत पूर्ण केले. ‘रघुपति राघव राजाराम’ या रामधुनीच्या प्रचलित चालीचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमात संगीतशिक्षक होते. १९३० च्या दांडी यात्रेत ते महात्मा गांधींसोबत चालले.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात पलुस्करांचा ओढा रामभक्तीकडे वाढला. नाशिक येथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. तेथेही निवडक शिष्यांचे शिक्षण चालू राहिले. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच दगावली. १९२१ साली जन्मलेले दत्तात्रेय हे पुत्र तेवढे जगले. वडिलांच्या निधनसमयी ते अवघे दहा वर्षांचे होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पलुस्करांचे निधन झाले.

शिष्यपरंपरा व वारसा

ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास व बी. आर. देवधर हे पलुस्करांचे प्रमुख शिष्य होत. गुरूंच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या विशारद, अलंकार इत्यादी परीक्षांना आजही देशभरातून विद्यार्थी बसतात. पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विद्यापीठातील संगीत विभागाची उभारणी केली. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांनी वडिलांच्या शिष्यांकडे शिक्षण घेऊन गायक म्हणून मोठे नाव मिळविले. १९५५ साली त्यांचे अकाली निधन झाले.

ठराविक अभ्यासक्रम व परीक्षा यांमुळे कलावंत घडत नाहीत, अशी टीका या शिक्षणपद्धतीवर होत आली आहे. तथापि, संगीत जाणणारा श्रोता व गावोगावचा संगीतशिक्षक या पद्धतीतून तयार झाला आणि मध्यमवर्गीय घरांत तंबोरा व पेटी प्रतिष्ठेने आली, याबद्दल फारसे दुमत नाही. भारतीय टपाल खात्याने १९७३ साली पलुस्करांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.