डॉक्टर चाचा : सर शिवसागर रामगुलाम

मराठी माणसांच्या स्मरणिकेत बिहारी माणसाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. आपले पूर्वज कोकणातून आले, त्यांचे वडील मोहित बिहारमधून. पण ऊस तोच होता आणि तापही तोच. १८६७ च्या हिवतापाच्या साथीत या बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे गेली. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्यातून वाचले, त्या आम्हाला रामगुलाम आधी डॉक्टर वाटतात, मग पंतप्रधान.

१८ सप्टेंबर १९०० रोजी बेल रिव्ह येथे त्यांचा जन्म झाला. घरी त्यांना केवल म्हणत. सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे अपघातात एक डोळा गेला. १९२१ साली लंडनला गेले, ते १९३५ ला परतले. चौदा वर्षे! वैद्यकाबरोबर फेबियन मंडळींच्या राजकारणाचीही गोडी लागली होती ना. तरी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्यत्व मिळवूनच ते आले आणि पोर्ट लुईच्या देफोर्ज रस्त्यावर राहू लागले. १९४० मध्ये ते विधिमंडळात नियुक्त झाले. १९४८ मध्ये, साधे लिहिता-वाचता येणाऱ्यांनाही मत मिळाले तेव्हा, निवडून आले.

त्याच सुमारास डीडीटी फवारून हिवताप हटवण्याची मोहीम झाली. मरण मागे सरले आणि घरे मुलांनी भरली. १९४४ च्या जनगणनेत ४ लाख १९ हजार असलेली वस्ती १९६२ मध्ये ६ लाख ८१ हजारांवर गेली. आता पोट कसे भरायचे? टिटमस यांच्या १९६० च्या अहवालाने कुटुंबनियोजन सुचवले, तेव्हा चर्चने आणि इतर काही धर्मप्रमुखांनीही विरोध केला. एखाद्या उतावळ्या पुढाऱ्याने तिथे भांडण मांडले असते. रामगुलाम थांबले, बोलत राहिले. शेवटी सरकारने कुटुंबनियोजन संघाला मदत दिली, आणि नैसर्गिक पद्धत शिकवणाऱ्या कॅथलिकांच्या आक्सियों फामिलियाल या संस्थेलाही. कोणावर सक्ती नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईला सरासरी सहा मुले होत. पुढच्या पंधरा वर्षांत ती तीनवर आली. आपल्या आज्यांच्या आणि आयांच्या आयुष्यातला फरक यात आहे.

स्वातंत्र्यानंतरचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. १९७१ ची आणीबाणी आणि १९७६ पर्यंत लांबवलेली निवडणूक विसरता येत नाही; चागोस तर अजून सलते. लोकांनीही १९८२ मध्ये हिशेब केला : साठच्या साठ जागा विरोधकांना, आणि चाचा स्वतःच्या मतदारसंघातही पडले. पण साखरेचे भाव कोसळले तेव्हाही त्यांनी सरकारी रुग्णालयातला मोफत उपचार आणि म्हाताऱ्यांचे पेन्शन काढून घेतले नव्हते.

१५ डिसेंबर १९८५ रोजी, गव्हर्नर जनरल असताना, ते वारले. पांप्लेमूसच्या बागेत त्यांचे दहन झाले. त्याच गावातल्या सरकारी रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. तिथे आपली माणसे आजही पैसे न देता उपचार घेतात.