एलिनोर रूझवेल्ट

ॲना एलिनोर रूझवेल्ट (११ ऑक्टोबर, १८८४ - ७ नोव्हेंबर, १९६२) या अमेरिकेचे ३२वे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांच्या पत्नी आणि मानवी हक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. १९३३ ते १९४५ या काळात त्या अमेरिकेच्या प्रथम महिला होत्या. हे स्थान इतका प्रदीर्घ काळ अन्य कोणीही भूषविलेले नाही.

बालपण व शिक्षण

एलिनोर यांचा जन्म न्यू यॉर्क येथील सधन कुटुंबात झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे त्यांचे काका होत. १८९२मध्ये त्यांची आई घटसर्पाने वारली आणि दोन वर्षांनी मद्याच्या आहारी गेलेले वडीलही निवर्तले. आजोळी वाढलेल्या एलिनोर अबोल व भित्र्या होत्या. आपण रूपवान नाही, हा सल त्यांना होता. १५व्या वर्षी त्यांना लंडनजवळील ॲलन्सवूड शाळेत पाठविण्यात आले. तेथील मुख्याध्यापिका मारी सूव्हेस्त्र यांच्या सहवासात त्यांना आत्मविश्वास लाभला.

वैवाहिक जीवन

१७ मार्च, १९०५ रोजी दूरच्या नात्यातील फ्रँकलिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यामुळे त्यांचे माहेरचे व सासरचे आडनाव एकच राहिले. त्यांना सहा अपत्ये झाली. त्यांपैकी एक तान्हेपणीच दगावले. १९१८मध्ये पतीचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आले. विवाह टिकला, तरी एलिनोर यांनी पुढे स्वतःचे स्वतंत्र कार्यक्षेत्र निर्माण केले. १९२१मध्ये फ्रँकलिन यांचे पाय पोलिओने निकामी झाले. त्यानंतर पतीचे राजकीय स्थान टिकविण्यासाठी एलिनोर यांनी भाषणाची भीती प्रयत्नपूर्वक घालविली.

आवडीनिवडी

सुमारे ५ फूट ११ इंच उंचीच्या एलिनोर यांची राहणी साधी होती. प्रवासात व बैठकांतही त्यांचे विणकाम चालू असे. स्वयंपाकात त्यांना फारशी गती नव्हती; मात्र रविवारी रात्री पाहुण्यांसाठी त्या स्वतः अंड्यांची भुर्जी करीत. वडिलांच्या व्यसनामुळे मद्याविषयी त्यांना तिटकारा होता. हाइड पार्कजवळील व्हॅल-किल हे त्यांचे आवडते घर होते.

सार्वजनिक कार्य

एलिनोर यांच्या पत्रकार परिषदांना केवळ महिला बातमीदारांनाच प्रवेश असे. त्यामुळे वृत्तपत्रांना महिलांना कामावर ठेवणे भाग पडले. १९३५पासून १९६२पर्यंत त्यांनी 'माय डे' हे वृत्तपत्रीय सदर लिहिले. कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना सभागृह नाकारणाऱ्या महिला संघटनेचा त्यांनी १९३९मध्ये राजीनामा दिला.

पतीच्या निधनानंतर त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. १० डिसेंबर, १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न वापरता सर्व माणसांचा उल्लेख असावा, हा आग्रह आयोगातील भारतीय सदस्या हंसा मेहता यांनी धरला व तो मान्य झाला. १९५२मध्ये एलिनोर भारतभेटीवर आल्या होत्या.

मृत्यू

वयाच्या ७८व्या वर्षी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. हाइड पार्क येथील गुलाबबागेत पतीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.