निखळलेला खांदा आणि कुर्तुब्याचे जर्राह

धारूर तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना खांद्याची किंमत कुणी सांगावी लागत नाही. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती उचलून फळीवरून चढत ट्रकमध्ये टाकायची, असा सगळा हंगाम जातो. पाय घसरून माणूस हातावर पडला की खांदा निखळतो. त्याहून वाईट म्हणजे एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळू लागतो. सदरा घालताना, झोपेत कूस बदलताना तो निसटतो आणि अशा माणसाला मोळी उचलायचा धीर होत नाही.

या दुखण्यावर हजार वर्षांपूर्वी तपशीलवार लिहिणारे आणि त्यासाठी लागणाऱ्या हत्याराचे चित्र काढून ठेवणारे एक हकीम होऊन गेले. त्यांचे नाव अबुल कासिम अल-जहरावी. स्पेनमधल्या ज्या शहराला उर्दूत कुर्तुबा म्हणतात, त्या कोर्दोबाजवळ खलिफा तिसरे अब्दुर्रहमान यांनी दहाव्या शतकात मदिनतुज्जहरा नावाची नवी राजधानी वसवली. त्या गावावरून ते जहरावी झाले. जन्म सुमारे ९३६चा. नावापुढे अन्सारीही लागते, म्हणजे घराणे मूळचे मदिनेच्या अन्सारांपैकी. आपल्याकडच्या अन्सारी आडनावाच्या मंडळींना हे वाचून बरे वाटेल!

जहरावींच्या आयुष्याची समकालीन नोंद फार थोडी आहे. जे कळते ते बहुतेक त्यांच्या ‘किताबुत्तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथातून. हा ग्रंथ इसवी सन १०००च्या सुमारास पूर्ण झाला. एकोणतीस भागांत रोग, औषधे, आहार वगैरे आहे. शेवटचा तिसावा भाग जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा. त्याचे तीन विभाग आहेत: डाग देणे, चिरफाड करणे आणि हाडे बसवणे.

हा भाग त्यांनी का लिहिला, ते सुरुवातीलाच येते. त्यांच्या मुलखात जर्राहीची विद्या जवळजवळ बुडाली होती. शरीररचना न शिकताच लोक हातात सुरी घेत होते. एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापली, रक्तवाहिन्या तुटल्या आणि बाई तिथेच गेली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या माणसाचा मोठा मूतखडा ओढून काढला. खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडा आला आणि तिसऱ्या दिवशी रोगी दगावला. त्या रोग्यासाठी आधी जहरावींनाही बोलावले होते. खड्याचा आकार आणि माणसाची अवस्था पाहून त्यांनी हात लावला नव्हता. शिष्यांना त्यांची ताकीद होती की पैशाच्या लोभाने जोखमीच्या कामात पडू नये. आपल्याकडे त्यांना जगातला पहिला सर्जन म्हणून मिरवण्याची हौस आहे. त्यापेक्षा ही ताकीद जास्त मोलाची वाटते.

खांद्याकडे येऊ. खांदा निखळला आहे हे ओळखायचे कसे? दोन्ही खांदे शेजारी ठेवून पाहावेत. दुखऱ्या खांद्याच्या माथ्यावर खळगा दिसतो, काखेत अंड्यासारखा गोळा हाताला लागतो आणि रोग्याला हात कानापर्यंत नेता येत नाही. दुखणे ताजे असेल, रोगी लहान असेल, तर काखेत अंगठे रोवून हाड वर ढकलले की भागते. नाहीतर गोल टोकाला मऊ चिंध्या गुंडाळलेला लाकडी सोट काखेत द्यायचा आणि हात खाली ओढायचा. ही युक्ती ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होती. आपल्या सुश्रुतसंहितेतही निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ घालून वर उचलायला आणि मग स्वस्तिकासारखा बंध बांधायला सांगितले आहे. जहरावींच्या जन्माआधीच सुश्रुताचा ग्रंथ बगदादमध्ये अरबीत गेला होता.

हाड जागेवर आणण्याला अरबीत जब्र म्हणतात. ‘अल-जब्र’ हाच शब्द गणितात गेला आणि त्याचा अलजेब्रा झाला. स्पेनमध्ये तर पुढे कित्येक शतके हाडवैद्याला अल्जेब्रिस्ता म्हणत. शाळेत बीजगणिताने ज्यांची हाडे खिळखिळी केली, त्यांना हे पटायला हरकत नाही.

पण पुन्हा पुन्हा निखळणाऱ्या खांद्याचे काय? तिथे जहरावी डाग द्यायला सांगतात. आधी खांदा बसवायचा. रोग्याला पाठीवर किंवा चांगल्या कुशीवर निजवायचे. डाव्या हाताच्या बोटांनी काखेतली कातडी वर उचलायची आणि दोन दातांची तापलेली लोखंडी सळई त्या कातडीच्या आरपार न्यायची, म्हणजे चार डाग उठतात. तीन दातांची घेतली तर सहा. मग मीठ घालून वाटलेली रानकांद्यासारखी भाजी त्यावर बांधायची आणि हात बरेच दिवस हलू द्यायचा नाही. जखम भरताना कातडी आकसेल आणि हाडाची वाट अडेल, अशी ही कल्पना. मूळ कल्पना हिपॉक्रेटिसची. जहरावींची भर अशी की सळईचे दात किती, केवढे बारीक, हे त्यांनी चित्र काढून दाखवले. डागणीसाठी सोन्यापेक्षा लोखंड बरे, असेही ते सांगतात, कारण सोने पुरेसे तापले की नाही ते रंगावरून कळत नाही. अशी सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे त्या भागात आहेत. गुरू जवळ नसलेल्या शिकाऊ माणसाने लोहाराकडे जाऊन चित्र दाखवावे आणि तसेच हत्यार घडवून घ्यावे, इतकी ती कामाची. डागणीचा हा उपाय आज कुणी करत नाही आणि करूही नये. सैल झालेला खांदा आता शस्त्रक्रियेने बांधतात.

१०१० मध्ये यादवीत मदिनतुज्जहरा लुटले गेले. जहरावींचा इंतकाल १०१३च्या सुमाराचा. गाव मातीखाली गेले, पण ग्रंथ बाहेर पडला होता. बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्दने जर्राहीचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि अबुलकासिस या नावाने युरोपातले जर्राह तो पुढे कित्येक पिढ्या वाचत राहिले.

जहरावींनी चित्रे काढली ती हत्यारांची. रोगी आणि जर्राह त्यांत नव्हते. ती उणीव १४६५ मध्ये भरून निघाली. तुर्कस्तानातल्या अमास्या गावच्या शरफुद्दीन साबुनजुओग्लू नावाच्या वृद्ध जर्राहांनी, वयाच्या ऐंशीच्या घरात, जहरावींच्या आधारे तुर्की भाषेत ग्रंथ लिहिला आणि त्यात इलाजांची रंगीत चित्रे घातली. रोगी कसा बसवायचा, जर्राहाने हात कुठे ठेवायचा, हे त्यात दिसते. काही चित्रांत इलाज करणाऱ्या बायकाही आहेत.

‘तसरीफ’ची बाराव्या शतकात लिहिलेली एक अरबी प्रत आपल्या देशातही आहे. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात ती जपून ठेवली आहे आणि तिच्या पानांवर जहरावींची हत्यारे शाईने रेखलेली आहेत.