नाना शंकरशेट आणि आगगाडी

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म इ. स. १८०३ मध्ये झाला. लोक त्यांना आदराने नाना म्हणत. वडिलांमागे त्यांनी पेढी सांभाळली. पण आपले धन विद्येसाठी व लोकहितासाठी वेचले.

त्या काळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईस येई. वाटेत कित्येक आठवडे जात. पावसाने माल भिजून नासे. ही अडचण नानांनी जाणली. इ. स. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभाई आदी सद्‌गृहस्थांसह त्यांनी रेल्वेसाठी मंडळ स्थापिले. दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी सुमारे ४०० प्रवासी घेऊन ठाण्यास गेली.

इ. स. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला. त्यापायी हजारो मजूर प्राणास मुकले. पुढे कापूस गाडीने येऊ लागला, मुंबईत गिरण्या वाढल्या, भुसावळसारखे खेडे शहर बनले. परंतु रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी व इंजिनांच्या जळणासाठी रानेच्या राने तुटली. अखेर इ. स. १८६४ मध्ये सरकारला वनखाते काढावे लागले.

इ. स. १८६५ मध्ये नाना निवर्तले. त्यांची दूरदृष्टी आपण स्मरावी. तसेच त्या मजुरांचे व रानांचे ऋणही विसरू नये.